शर्यतीसाठी कुठला रस्ता बंद करायचा?

2025 मध्ये नवी मुंबईत पाम बीच रोड आणि नेरूळच्या तलावाच्या बाजूनं सुमारे पावणेचार किलोमीटरच्या स्ट्रीट सर्किटची घोषणा झाली, आणि लगेच वाद पेटला. नवी मुंबईच का? पुणे का नाही, नाशिक का नाही? आज मी या वादाच्या मागं जरा लांब जाणार आहे, कारण हा वाद गाडीइतकाच जुना आहे.

1903 साली पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. रस्ते रोजचेच, गावं मधे, बॅरिकेड नावाला. लोक धुळीतून गाडी बघायला रस्त्यात पुढं सरकायचे आणि ड्रायव्हरला धुळीत काही दिसायचंच नाही. ड्रायव्हर मेले, बघे मेले. रेनो कंपनीच्या भावांपैकी मार्सेल रेनो त्यातच गेला. फ्रेंच सरकारनं बोर्दोला शर्यत थांबवली. त्यानंतर युरोपात एका शहरातून दुसऱ्या शहरात धावणं मागं पडलं आणि बंद केलेल्या रस्त्यांचं वर्तुळ पुढं आलं.

इंग्लंडात तर शर्यतीसाठी रस्ता बंद करायला कायदाच परवानगी देत नव्हता. म्हणून त्यांनी 1907 मध्ये ब्रुकलँड्सला वेगळा ट्रॅक बांधला. मोनॅकोत 1929 पासून गल्लीबोळांतून रेस होते, ती टिकली. पण मोनॅको म्हणजे अख्खा देश दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि पाहुण्यांच्या पैशाशी गावाचं पोट बांधलेलं. ते उदाहरण प्रत्येक शहराला लावायचं म्हणजे अवघडच.

आपल्याकडं काय होतं? स्वातंत्र्यानंतर रेस व्हायच्या त्या धावपट्ट्यांवर. मुंबईत जुहू, मद्रासजवळ शोलावरम, कोलकात्याजवळ बराकपूर. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. सपाट, रुंद, आणि कुणाच्या दारातून जात नाही!

मग आलं हैदराबाद. हुसेनसागरच्या काठी 2.8 किलोमीटरचं सर्किट. आधी 2022 मध्ये इंडियन रेसिंग लीग झाली. तेव्हा एकदा रोजच्या वाहतुकीतल्या गाड्याच ट्रॅकवर शिरल्या. हसू येतं, पण विचार करा, त्या लोकांना घरीच जायचं होतं ना! 11 फेब्रुवारी 2023 ला फॉर्म्युला ई झाली, ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला, सगळ्यांनी वाहवा केली. वर्षाच्या आत राज्यातलं सरकार बदललं आणि 2024 ची रेस रद्द. आधीच्या सरकारनं दिलेल्या पैशांवरून पुढं चौकशीही लागली.

चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरचं सर्किट आखलं. जवळच मोठी सरकारी हॉस्पिटलं, म्हणून प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं. कोर्टानं अटी घालून परवानगी दिली. डिसेंबर 2023 ची तारीख मिचाँग वादळानं खाल्ली, आणि अखेर 31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर 2024 ला रात्रीच्या उजेडात गाड्या धावल्या.

आता नाशिक. मी एकलहऱ्याचा, त्यामुळं माझ्याकडून गावाची बाजू घेतली जाईल अशी पोरांची अपेक्षा असते. युक्तिवाद भारी आहे: महिंद्राच्या गाड्या नाशकात बनतात, महिंद्राची टीम फॉर्म्युला ईमध्ये 2014 च्या पहिल्या सीझनपासून आहे, आणि इलेक्ट्रिक गाड्यांना लागणारी वीज तर आमच्या थर्मलमध्ये तयार होते! मग थर्मलच्या कॉलनीतून नाशिकरोडपर्यंत ट्रॅक का नको?

कारण त्या रस्त्यावर शिफ्ट चालते. थर्मलला रविवार नसतो. आणि नाशिकरोडला बिटको हॉस्पिटल आहे, रेल्वे स्टेशन आहे. रस्ता बंद करणं म्हणजे काय, हे नाशिकला शिकवायची गरजच नाही, कुंभमेळ्यात ते आपण बघतो. 2003 च्या पर्वणीला अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन तीसहून जास्त भाविक गेले, ते पंचवटीतले जुने लोक अजून विसरलेले नाहीत.

म्हणून माझं मत असं: नाशकात रेस हवी असेल, तर आधी नकाशावर अँब्युलन्सची वाट आखा, मग शिफ्टच्या बसची, आणि उरलेल्या जागेत ट्रॅक बसतो का ते बघा. नाही बसला, तर जुहूसारखी मोकळी जागा शोधा. तिकिटाचा स्टँड तिथंही लागतो, आणि गाडीचा आवाज तेवढाच येतो. अर्थात फॉर्म्युला ई असेल तर तोही फारसा येत नाही.