आरोग्यसंकट आणि लोकविश्वास (चंद्रपूर–गडचिरोली)

साथ, हिवताप वा बालमृत्यू यांबाबतचे शासकीय निर्णय लोक कितपत मानतात, हे या वनजिल्ह्यांत निर्णय कोण आणि कोणत्या भाषेत सांगतो, यावर बरेचसे ठरते. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. तिथेही माडिया आदिवासी रुग्ण पुजाऱ्याकडून दवाखान्याकडे हळूहळूच वळले.

सर्वांत बोलके उदाहरण ‘सर्च’ संस्थेचे. अभय व राणी बंग यांनी शोधग्रामचे रुग्णालय आदिवासी झोपड्यांच्या धाटणीवर उभारले; त्याला नाव दिले आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे. गावातल्याच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ झाल्या आणि जंतुसंसर्ग झालेल्या नवजातांना घरी इंजेक्शन देऊ लागल्या. ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला (‘लॅन्सेट’, १९९९). डॉक्टरांखेरीज कुणी सुई टोचावी, हे वैद्यकवर्तुळाला पटायला वेळ लागला. आयांना तो प्रश्न फारसा पडला नसावा. केंद्र शासनाने २०११ मध्ये ‘आशा’ आरोग्यसेविकांमार्फत घरोघरची नवजात-सेवा स्वीकारली.

मार्च २०२० मध्ये कोविडसाठी राज्याने १८९७ चाच, प्लेगकाळातला साथरोग कायदा लावला. पण पुढे लशीची भीती घालवायला गोंडी-माडियातून बोलावे लागले. विश्वासाचा प्रश्न दारूबाबतही आला: महिलांच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये चंद्रपुरात आलेली दारूबंदी मंत्रिमंडळाने मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेतच, उठवली. अवैध दारू व गुन्हेगारी ही कारणे दिली गेली. बंदीसमर्थकांना ती पटली नाहीत. गडचिरोलीतील १९९३ ची बंदी मात्र टिकली.