पत कोणाची? सावकाराच्या वहीपासून सिबिलच्या आकड्यापर्यंत



"इसार दिला, खरेदीखताला तीन महिने आहेत, पण स्कोअर 730 निघाला. बँक म्हणते 750 पाहिजे." वाशीमात प्लॉट किंवा अकोल्यात फ्लॅट घेणाऱ्या आपल्या तरुणांकडून हल्ली हे वारंवार ऐकू येतं. शिक्षक, पोलीस शिपाई, नर्स, एसटी कंडक्टर. घरात पहिल्यांदाच पगाराची स्लिप आलेली. यातले बरेच जण शरमेनं गप्प बसतात. पत हा शब्द आपल्या बाबतीत आजवर कसा वापरला गेला, ते आधी पाहू.

1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. रयतवारी आली, जमीन खातेदाराच्या नावावर झाली आणि नावावर आहे ते गहाण टाकता येऊ लागलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, कापसाला प्रचंड भाव आला. सावकाराचं कर्ज फिरलं ते जमिनीच्या भरवशावर. त्यात कुणबीही बुडाला, फुल्यांनी ते 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलंच आहे. पण बुडायलाही आधी जमीन लागते. महारवाड्यात बहुतेकांकडे गहाण टाकायला काय होतं? गावकीचं काम आणि त्याबदल्यात मिळणारं धान्य. शेजारच्या मुंबई इलाख्यात महारांना वतनी जमिनी होत्या, पण सरकारच्या परवानगीशिवाय त्या वतनाबाहेर देता येत नव्हत्या. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन बिल मांडलं, त्यामागं ही वेठ होती. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडलं.

भूमिहीनाला कर्ज मिळतच नव्हतं असं नाही. मिळायचं, पण तारण त्याचं अंग असायचं. लग्नाला, दुखण्याला उचल घ्यायची आणि सालगडी म्हणून वर्षभर फेडायची. ही फेड कुठल्याही बँकेच्या कागदावर चढली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं गायरानं नियमित करायची वाट उघडली. तरी अशा जमिनीला हस्तांतराची अट चिकटलेलीच.

अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. काळ्या लोकांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जाला धोक्याच्या. आपल्याकडे नकाशाची गरज पडली नाही. वस्ती गावाबाहेर होतीच.

सिबिल 2000 साली स्थापन झाली, कायदा 2005 चा. आकडा 300 ते 900. याला मनुवादी ठरवून मोकळं होणारे मित्र मला पटत नाहीत. यात जातीचा रकाना नाही आणि चूक दुरुस्त करून मागता येते. सावकाराच्या वहीत ती सोय नव्हती. प्रश्न आहे तो काय मोजलं जातं याचा. भिशी, सावकार, गावातल्या बहुतेक पतसंस्था यांची वेळेवरची फेड इथं दिसत नाही. रमाई आवासचं घरकुल अनुदानाचं, त्यानं डोक्यावर छप्पर येतं, पतीचा इतिहास तयार होत नाही. पण मायक्रोफायनान्सचा चुकलेला हप्ता आईच्या नावावर चढतो, आणि आईला सहकर्जदार केलं की तिचाही स्कोअर बघतात.

म्हणून 20 गुणांसाठी धडपडणं क्षुल्लक नाही. 25 लाख, 20 वर्षं, व्याज 8.75 ऐवजी 8.5 टक्के पडलं तर हप्ता जवळपास 400 रुपयांनी कमी होतो. एकूण 95 हजारांच्या आसपास वाचतात.

तीन महिन्यांत काय करता येतं? चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात, आईचाही काढा. न घेतलेलं किंवा फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. क्रेडिट कार्डाचे पैसे बिल निघायच्या आधीच भरा, वापर मर्यादेच्या 30 टक्क्यांखाली ठेवा. जुनं कार्ड बंद करू नका, नवा मोबाइल हप्त्यावर घेऊ नका, पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका. जुन्या कर्जापुढं 'सेटल्ड' लिहिलं असेल तर उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घ्या. 2025 पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळं बदल लवकर दिसतो.

आणि ज्यांनी कधीच कर्ज घेतलं नाही त्यांच्यासाठी: केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2025 च्या निर्देशांत म्हटलंय. फाइल परत आली तर तोंडी उत्तर घेऊन उठू नका, कारण लेखी मागा.