मर्सिडीज ३८० एसएल: एका चेनमुळे अख्खं इंजिन कसं निकामी होतं?

अमेरिकेत १९८१ ते १९८५ दरम्यान विकल्या गेलेल्या मर्सिडीज ३८० एसएल या आलिशान गाडीत ३.८ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवण्याचं काम टायमिंग चेन करते. १९८३ पर्यंतच्या मॉडेल्समध्ये ही चेन एकेरी होती. वापराने ती सैल पडते. तिला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्याही ठिसूळ होऊन तुटतात. मग चेन दातांवरून घसरते, उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि काही क्षणांत इंजिन निकामी होतं. १९८४ पासून कंपनीने दुहेरी चेन दिली. जुन्या अनेक गाड्यांमध्येही ती नंतर बसवण्यात आली. त्यामुळे अशी गाडी घेण्याआधी चेन एकेरी की दुहेरी, हे तपासायलाच हवं. थंड इंजिन सुरू करताना खडखडाट ऐकू आला, तर तो धोक्याचा इशारा समजावा.