देवासच्या राजवाड्यातील मुके पियानो

इ. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ साली देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिले होते. तेथून त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. त्यांतील एका पत्रात नव्या राजवाड्यातील सामानसुमानाचे वर्णन आहे. दोन पियानो, त्यांपैकी एक मोठा, आडवा, ज्याला ग्रँड म्हणतात तसा. जोडीला एक हार्मोनियम. सारी वाद्ये नवीकोरी, आणि त्यांतील एकही वाजण्याजोगे नाही! पट्ट्या दाबल्या की अडकून बसत, आणि कोरड्या हवेने लाकडी सांगाडे तडकले होते.

हे वर्णन वाचून प्रथम हसू येते; पण थोडा विचार केला म्हणजे ते हसू मावळते. ज्या वाद्याने युरोपातील दिवाणखाने शंभर-सव्वाशे वर्षे निनादून सोडले, ते माळव्यात येऊन मुके का व्हावे? आणि आज एखाद्या मराठी कुटुंबाला दुरुस्त केलेला जुना पियानो घरी आणावासा वाटला, तर देवासच्या त्या अबोल वाद्यांनी त्याला काय सांगावे?

या प्रश्नाचे उत्तर पियानोच्या जन्मकथेतच आहे. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा एक कारागीर मेदिची राजघराण्याच्या पदरी होता. त्याच्या काळचे हार्पसिकॉर्ड हे वाद्य तारा छेडून वाजे. त्यात बोट हळू टेकले काय आणि जोराने आपटले काय, स्वराच्या लहानमोठेपणात फारसा फरक पडत नसे. इ. स. १७०० च्या सुमारास क्रिस्तोफोरीने तार छेडण्याऐवजी तिच्यावर लहानशी हातोडी मारण्याची युक्ती काढली. हातोडी तारेवर आदळताच मागे सरे आणि तार मोकळेपणी कंप पावत राही. बोटातील हळुवारपणा प्रथमच स्वरात उतरला. ‘पियानो’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘हळुवार’ असा आहे. क्रिस्तोफोरीने १७२० साली घडविलेला एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अद्याप जतन केलेला आहे.

पुढे संगीताची सभागृहे मोठी झाली आणि स्वरही मोठा हवासा झाला. तारा जाड झाल्या, त्यांचा ताण वाढला, आणि लाकडी सांगाड्याला तो पेलवेना. १८२५ मध्ये बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. आजच्या मोठ्या पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १८ ते २० टनांपर्यंत जातो. एवढा भार लोखंडी चौकट सोसते. परंतु स्वर जो निघतो तो लोखंडातून नव्हे. तारांचा कंप घोडीवाटे एका पातळ लाकडी फळीत उतरतो आणि तीच फळी त्याला भरदार नादाचे रूप देते. तंबोऱ्याला जसा भोपळा, तशी पियानोला ही नादफळी होय.

देवासच्या दुखण्याचे मूळ येथे सापडते. लाकूड कापले तरी हवेतील ओल शोषण्याचा आणि सोडण्याचा त्याचा स्वभाव जात नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. युरोपच्या हवेत घडविलेली नादफळी माळव्याच्या चैत्र-वैशाखात आकसली म्हणजे तिला चिरा जातात. सरसाने चिकटविलेले सांधे सुटतात. खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते सैल होऊन तारा उतरू लागतात. मग आषाढ येतो आणि त्याच लाकडी पट्ट्या फुगून एकमेकींत अडकतात. धार जिल्ह्यात विंध्याचा घाट उतरून मान नदीकाठच्या मनावरला गेले म्हणजे निमाडचा उन्हाळा माळव्याच्या पठाराहूनही कडक भासतो. तेथे पियानो ठेवू म्हणणाऱ्याने ही ऋतूंची ओढाताण आधी ध्यानी घेतली पाहिजे. युरोपातील कारखानदारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. उष्ण देशांसाठी ते निराळे पियानो बांधीत. त्यांत केवळ सरसावर न विसंबता सांध्यांना स्क्रू घालीत आणि पातळ पापुद्र्याऐवजी भरीव लाकूड वापरीत. तरीसुद्धा वाद्य टिकविण्यास कारखान्याची कुशलता एकटी पुरत नाही. वर्षातून निदान दोनदा सूर लावणारा, पट्ट्यांखालची धूळ झाडणारा, उंदीर-कसरीपासून नमदा राखणारा हात लागतो. देवासच्या वाद्यांना तसा हात लाभला नसावा.

पवारांचे हे घराणे मराठी. बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव या बंधूंनी १७२८ च्या सुमारास देवासची गादी स्थापिली आणि एकाच लहानशा गावात थोरली व धाकटी अशा दोन पाती नांदल्या. इंग्रजी अमलात राजवाडा म्हटला की युरोपीय दिवाणखाना आला, आणि दिवाणखाना आला की पियानोही आला. परंतु संस्थानच्या तिजोरीला तो डौल झेपला नाही. कर्जाचा बोजा वाढत गेला. १९३३ च्या सुमारास तुकोजीराव देवास सोडून दक्षिणेकडे गेले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत राहिले आणि १९३७ मध्ये तेथेच निवर्तले. वैभवाची वस्तू विकत घेणे आणि तिचे वैभव राखणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, याची ती वाद्ये जणू साक्ष होती.

मात्र यावरून पियानो या भूमीत रुजलाच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्या शाळांत घडलेले वादक मुंबईस आले आणि विसाव्या शतकात त्यांनी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. मुंबईत फुर्टाडो ही वाद्यविक्रीची पेढी १८६५ पासून चालत आली आहे. १९४९ च्या ‘अंदाज’ चित्रपटात दिलीपकुमार पियानोपाशी बसून गातो, तेव्हापासून तर ज्या प्रेक्षकाने पियानो प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता त्याच्याही मनात या वाद्याने घर केले. मुंबईत जन्मलेल्या आणि पुढे कलकत्त्यास स्थायिक झालेल्या व्ही. बलसारा या पारशी वादकाने पियानोवर भारतीय रागांचे स्वर वाजवून दाखविले.

आपल्या संगीताशी पियानोचे जुळते कितपत, हा प्रश्न निराळा. पियानोचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असते. त्यात श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही नाही. हार्मोनियमवर हाच आक्षेप होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करण्याचा उद्योग केला. १९४० मध्ये रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत उठली नाही. तरी हार्मोनियम घरोघर, भजना-कीर्तनात आणि नाट्यगृहात राहिलीच, कारण ती स्वस्त, उचलून नेण्याजोगी आणि गावातल्या कारागिराच्या हाताने दुरुस्त होणारी होती. वाद्य लोकांचे होते ते अशा साध्या कारणांनी.

मग जुन्या पियानोचे आकर्षण कशात आहे? ते जुनेपणात नाही. व्हायोलिन वयाबरोबर पिकते असे म्हणतात. पियानो मात्र वयाबरोबर झिजतो. नमदा कडक होतो, तारा गंजतात, नादफळीची कमान खचते. परंतु पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात, ग्रामोफोन आणि रेडिओ घरात शिरण्याआधी, पियानो हेच युरोपातील मध्यमवर्गीय घराचे संगीत होते. त्या काळी जाणत्या कारखान्यांनी निवडक, सावकाश वाळविलेले लाकूड वापरले आणि हातकामाला वेळ दिला. तसे वाद्य योग्य हाती पडले तर पुन्हा बोलू लागते. मोठ्या पियानोच्या यंत्रात दहा हजारांच्या आसपास लहानमोठे भाग असतात. ते एकेक सोडवून, झिजलेले बदलून, पुन्हा जुळविणे हे सुताराचे, लोहाराचे आणि गवयाच्या कानाचे मिळून काम आहे.

म्हणून खरीददाराने बाहेरच्या चकाकीवर जाऊ नये. नवे रोगण म्हणजे दुरुस्ती नव्हे. लोखंडी चौकटीला तडा आहे काय, खुंट्या सूर धरून ठेवतात काय, नादफळीच्या चिरा लाकडाच्या पट्ट्या बसवून बुजविल्या आहेत की नुसत्या रंगाखाली झाकल्या आहेत, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. नादफळीची चीर बुजविता येते. तडकलेल्या चौकटीवर मात्र सहसा खात्रीचा इलाज नाही. वाद्य घरी आले की ते उन्हाच्या झळीत किंवा ओल्या भिंतीशी ठेवू नये. नव्या हवेत काही आठवडे मुरू द्यावे आणि मगच सूर लावून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र दुकानात विचारावयाचा नसून घरात विचारावयाचा आहे : हे वाद्य रोज कोण वाजविणार?

या कथेची अखेर पुन्हा देवासलाच होते. राजवाड्यातील पियानोंची दुर्दशा फॉर्स्टरने टिपली, त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९४८ च्या आरंभी, कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन त्याच गावी आले. माळव्याची कोरडी हवा छातीच्या विकाराला मानवेल असा वैद्यकीय सल्ला होता. काही वर्षे गाणे बंद राहिले. बिछान्यावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्याची लोकगीते पडत राहिली. नवे औषध आणि शुश्रूषा लाभून ते बरे झाले, पुन्हा गाऊ लागले, आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत देवासलाच राहिले.

गावही तेच आणि हवाही तीच. त्या हवेत नवे पियानो तडकले आणि एक जखमी गळा पुन्हा गाता झाला. दोष हवेचा नव्हता, वाद्याचाही नव्हता. एका ठिकाणी संगीत सामानाच्या यादीत होते. दुसऱ्या ठिकाणी त्याची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी माणसे होती. दुरुस्त केलेला जुना पियानो घरी आणणारा मनुष्य केवळ एक वस्तू विकत घेत नाही, तो त्या शुश्रूषेचा भार आपल्या शिरावर घेतो. तो भार आनंदाने वाहणाऱ्याच्या घरात, मग ते घर मुंबईस असो वा मनावरला, ते वाद्य मुके राहणार नाही.