पौर्णिमेचं मचाण

1991 सालच्या वैशाखातला एक कागद मी अजून जपून ठेवला आहे. नागझिरा अभयारण्यातल्या एका पाणवठ्यावर, मचाणावर चोवीस तास बसून भरलेल्या प्राणिगणनेच्या तक्त्याची ती कार्बन प्रत. रकाने सहा: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं, शेरा. अस्वलाच्या तीन नोंदी आहेत. संध्याकाळी 7.40, रात्री 11.15 आणि पहाटे 4.05. बेरीज 3. मी पोस्टात कारकून होते, बेरजेत चुकणं शक्य नव्हतं. अस्वल मात्र एकच होतं.

शेजारी बसलेला वनमजूर तेव्हाच कुजबुजला होता, "तेच होय नं बाई ते. कान पाहा नं त्याचा." मी कान पाहिला नाही. समोर जे येईल ते लिहायचं, एवढंच मला सांगितलेलं. आणि सांगितलेलं लिहायची सवय हाताला वीस वर्षांची.

मचाण हे मुळात मोजायला बांधलेलं नव्हतंच. ते शिकाऱ्याचं. झाडाच्या बेचक्यात बांबू आवळायचे, पुढे टहाळ्यांचा आडोसा करायचा, खाली रेडकू बांधायचं आणि चांदण्याची वाट पाहायची. विदर्भाच्या जंगलात साहेबांनी, राजेरजवाड्यांनी आणि नंतर परवानेवाल्या हौशींनी हेच केलं. कुठे कुठे बंदुकीला आधीच आवर बसला होता. ताडोबात 1935 साली शिकारबंदी झाली आणि 1955 मध्ये ते राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. नागझिऱ्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला 1970 मध्ये. पण सगळीकडचं दार बंद व्हायला लागलं ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं. शिकारी उतरला, मचाण रिकामं झालं. त्यावर पुढे आम्ही चढलो: शिक्षक, बँकवाले, कॉलेजची पोरं आणि माझ्यासारखी एखादी पोस्टातली बाई. माडगूळकरांचं 'नागझिरा' वाचून वेडे झालेले आमच्यात बरेच होते. मीही त्यातलीच.

ही मोजणी वैशाखी पौर्णिमेलाच का? तर नाले आटलेले असतात आणि उरलेल्या चार-दोन पाणवठ्यांशिवाय जनावराला गत नसते. शिवाय पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि उजाडेपर्यंत आभाळात राहतो, त्यामुळे रात्रभर टॉर्चशिवाय दिसतं. झाडांचा पालाही झडलेला असतो. हिशेब शिकाऱ्याचाच, फक्त हातात बंदुकीऐवजी पेन्सिल. सगळे पाणवठे एकाच वेळी राखायचे तर तेवढी माणसं वनखात्याकडे नव्हती, म्हणून बाहेरच्यांना हाक. आम्हाला 'प्रगणक' म्हणत. मला तो शब्द फार आवडायचा.

भडक कपडे नकोत, अत्तर-पावडर नको, बोलणं नको. मचाणावरून खाली उतरायचं नाही, चोवीस तास. हा शेवटचा नियम पुरुषांनी केला असावा. फांदीला पाण्याची छागल टांगलेली, पिशवीत पोळ्या आणि तिळाची चटणी. दुपारी बारा ते चार काहीच येत नाही. बांबूवर बसून अंग मोडतं आणि मोहाच्या सावलीतही झळा लागतात. मग उन्हं कलली की आधी मोर, मग चितळांचा कळप. पुढचं चितळ पाण्याला तोंड लावण्याआधी किती वेळ थांबतं, ते मी घड्याळ लावून पाहिलं होतं. अकरा मिनिटं. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

वाघाची मोजणी वेगळी चाले. 1966 मध्ये ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी पंजाच्या ठशांवरून वाघ ओळखायची पद्धत मांडली. ठशावर काच ठेवायची, काचेवर रेघ ओढायची, ती कागदावर उतरवायची. 1972 च्या पहिल्या देशव्यापी गणनेत 1827 वाघ निघाले ते याच रीतीनं. पुढे आकडा चढत-उतरत 3642 वर आला. मग 2005 च्या सुमारास राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. कागदावर तोवर ते होते. काच गेली, कॅमेरे आले. वाघाचे पट्टे माणसाच्या अंगठ्यासारखे, दोघांचे जुळत नाहीत, त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जात नाही. 2008 च्या सुरुवातीला नवा अंदाज आला: 1411. दोन पद्धतींची तुलना करू नये म्हणतात, तरी तो आकडा वाचून माझ्या पोटात गोळा आला आणि पहिल्यांदा ते अस्वल आठवलं.

कारण चूक तीच. पाणवठ्यावर एकच जनावर तीनदा येतं, किंवा इथे पिऊन दोन मैलांवरच्या दुसऱ्या पाणवठ्यावर जातं आणि तिथेही कुणी प्रामाणिकपणे लिहितो. आदल्या दिवशी अवकाळी झाला की डबकी साचतात आणि पाणवठ्यावर कुणी फिरकत नाही. मग जंगल रिकामं झालं म्हणायचं का? शास्त्रज्ञ हे बोलतच होते. आता कॅमेऱ्यांचे आकडे येतात, दर चार वर्षांनी. 2022 मध्ये महाराष्ट्रात 444 वाघ नोंदले गेले. पौर्णिमेचं मचाण मात्र मोडलं नाही. त्याचं नाव 'निसर्गानुभव' झालं, ऑनलाइन नोंदणी आली, शुल्क आलं. माझ्या बरोबरीचे यावर चिडतात. मी चिडत नाही. मोजणी नव्हती तिला मोजणी म्हणणं थांबलं, हे बरंच झालं.

मला सलतं ते वेगळं. आम्ही वर्षातून एक रात्र बसायचो आणि वर्षभर सांगायचो. मचाणावर शेजारी बसलेला तो वनमजूर उरलेल्या रात्रीही त्याच रानात असायचा, वणवा विझवायचा, रोजंदारीवर. कानावरून अस्वल ओळखणं हीच खरी प्रगणना, आणि ती त्याला येत होती. कॅमेऱ्यानं पट्टे ओळखून पुढे जे केलं, ते त्यानं त्या रात्री नुसत्या डोळ्यांनी केलं होतं. तक्त्याखाली सहीची जागा एकच होती; ती मी घेतली. त्याचं नाव मला आज आठवत नाही, कारण मी ते विचारलंच नव्हतं.

यंदा कुणी जाणार असाल तर शिडी चढण्याआधी बरोबरच्या माणसाचं नाव विचारा. त्या पाणवठ्याला तो काय म्हणतो तेही विचारा, नकाशावरचं नाव बहुधा वेगळं असतं. दोन्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहा. आणि तो म्हणाला, "तेच होय," तर आकडा एकच ठेवा.