सिगारेटच्या पाकिटातल्या नट्या आणि वडिलांचं पत्र



दशलक्षण पर्वाचा दहावा दिवस उत्तम ब्रह्मचर्याचा. त्या दिवशी जाहिरातींचा विषय निघतोच, आणि बोलणं फिरून फिरून मुलींच्या कपड्यांवर येऊन थांबतं. ते चित्र छापून घेणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आपल्यातली कितीतरी घरं दुकानावर चालतात, म्हणून आज एका व्यापारी घराची गोष्ट सांगते. घर अमेरिकेतलं आहे, पण वाचताना परकं वाटणार नाही.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅमचे वॉशिंग्टन ड्यूक. यादवी युद्ध संपल्यावर रिकाम्या हाताने घरी परतलेले, देवभीरू मेथॉडिस्ट. तंबाखू कुटून विकू लागले, मुलं हाताशी आली, धंदा वाढला. मुलांतला जेम्स, घरचे त्याला बक म्हणत, व्यवहारात सगळ्यांच्या पुढे. 1884 च्या सुमारास त्याने सिगारेट वळण्याचं बॉनसॅक यंत्र आणलं. हाताने वळणारा कारागीर दिवसाला फार तर तीन हजार सिगारेटी करायचा, यंत्र लाखाच्या वर करू लागलं. एवढा माल घेणार कोण? तिथले लोक तेव्हा तंबाखू चघळत किंवा पाइप ओढत. सिगारेटला गिऱ्हाईक नव्हतं, ते तयार करायचं होतं.

पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक जाड तुकडा घालत. त्या तुकड्यावर नट्यांची चित्रं छापली गेली, त्या काळाच्या मानाने अगदी तोकड्या आणि तंग कपड्यांतली. चित्रांच्या मालिका असत. एक मिळालं की पुढचं हवं, म्हणजे पुढचं पाकीट हवं. मुलंसुद्धा ती जमवत. 1890 मध्ये पाच मोठ्या कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली, तेव्हा तिचा प्रमुख हाच बक होता.

1894 च्या ऑक्टोबरात म्हाताऱ्या वडिलांनी मुलाला पत्र लिहिलं. एका पाद्र्याने त्यांच्याकडे या चित्रांबद्दल तक्रार केली होती. ती त्यांनी सोबत जोडली आणि कळवलं की मला हे पूर्ण पटतं, तरुण मुलामुलींवर याचा वाईट परिणाम होतो आणि माझ्या धर्मबुद्धीला हे कधीच रुचलेलं नाही. इथवर वाचून मला आपल्याच समाजातले एखादे आजोबा दिसू लागले. पण पुढे ते आणखी एक कारण देतात: या जाहिरातींमुळे कायदेमंडळात सिगारेटविरोधी लोकांच्या हाती कोलीत मिळेल. धर्म आणि धंदा एकाच पत्रात! मी त्यांना हसत नाही. मुलाने ऐकावं म्हणून बाप दोन्ही भाषांत बोलला.

आपल्याकडे अनर्थदंडव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच कंदर्प येतो. विकाराने केलेलं चावट बोलणं, असा त्याचा साधा अर्थ. कुणाच्या गरजेचं नाही, कुणाच्या पोटाला लागत नाही, तरी केलेलं पाप म्हणून ते अनर्थदंड. पाकिटातलं ते चित्र दुसरं काय होतं? आणि कृत, कारित, अनुमोदना हा आपला हिशेब लावला, तर नटी, छापखाना, बक आणि चित्र जमवणारा पोरगा असे सगळेच त्यात येतात. ब्रह्मचर्याच्या भावनांमध्ये पाहणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांना आवरावं असं सांगितलं आहे. दिसणाऱ्या बाईवर तो भार टाकलेला नाही. प्रवचनात हे जरा जास्त वेळा यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या पत्रात काळजी आहे ती चित्र पाहणाऱ्यांची. चित्रातल्या बाईबद्दल, पाकीट ताठ राहावं म्हणून घातलेल्या पुठ्ठ्यावर तिला छापलं याबद्दल, एक शब्द नाही. हेच वॉशिंग्टन ड्यूक दोन वर्षांनी, 1896 मध्ये, ट्रिनिटी कॉलेजला एक लाख डॉलर देतात आणि अट घालतात की मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे. त्याच कॉलेजचं पुढे ड्यूक विद्यापीठ झालं. पैसा तंबाखूचा, म्हणजे त्या चित्रांचाही. या दानाला काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे साबण आले. 1911 मध्ये वुडबरी साबणाची जाहिरात निघाली, स्पर्श करावासा वाटेल अशी त्वचा, असा तिचा मथळा. लिहिणारी हेलन लॅन्सडाउन ही बाई, स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालणारी. आता चित्र पुरुषाला भुलवायला नव्हतं. ‘त्याला’ तू आवडशील का, असं ते बाईलाच विचारत होतं. मला हे सिगारेटच्या पाकिटापेक्षा जास्त खोल गेलेलं वाटतं, कारण तो प्रश्न घरात, मोरीतल्या साबणाच्या वडीपर्यंत आला. आपल्याकडे लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी आपली लीला चिटणीस, 1941 मध्ये. चांगली पदवीधर, मराठी रंगभूमीवरून आलेली बाई. जाहिरातीला हवी होती तिची कांती.

कायदा व्हायला 1986 उजाडलं. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा तो कायदा, आणि पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद नि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. 1995 मध्ये एका बुटांच्या जाहिरातीत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण अंगावर फक्त बूट आणि अजगर घेऊन उभे राहिले. मुंबईत खटला झाला. अजगर वापरल्याबद्दल वन्यजीव कायद्याखालीही तक्रार झाली, म्हणजे त्या मुक्या जिवाचा विचार निदान कुणीतरी केला. निकाल 2009 मध्ये लागला, चौदा वर्षांनी, आणि दोघेही निर्दोष सुटले. तोवर ती जाहिरात कधीच बंद झाली होती. चित्र मात्र लोकांना अजून आठवतं. बूट कोणते होते ते तुमच्यापैकी किती जणींना आठवतं, खाली जरूर लिहा.