खासगी न्यास (भारत)

खासगी न्यास किंवा खासगी ट्रस्ट ही संपत्तीच्या व्यवस्थापनाची एक कायदेशीर पद्धत आहे. या पद्धतीत एखादी व्यक्ती आपली संपत्ती विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन करते आणि ठरावीक व्यक्तींच्या हितासाठीच तिचा विनियोग करण्याचे बंधन स्वीकारणाऱ्यावर येते. भारतात खासगी न्यासांचे नियमन भारतीय न्यास अधिनियम, १८८२ या कायद्याने होते. वारसाव्यवस्था, वृद्धापकाळातील परावलंबन आणि दिव्यांग अपत्याचा आजीवन सांभाळ ही असे न्यास स्थापण्यामागील प्रमुख कारणे आहेत.

घटक

संपत्ती न्यासात ठेवणाऱ्यास न्यासकर्ता, ती सांभाळणाऱ्यास विश्वस्त आणि जिच्या हितासाठी न्यास केला त्या व्यक्तीस लाभार्थी म्हणतात. न्यासाचा हेतू, लाभार्थी आणि न्याससंपत्ती या बाबी स्पष्ट असणे आवश्यक असते. न्यासाच्या अटी ज्या लेखात नमूद केलेल्या असतात, त्यास न्यासपत्र असे नाव आहे. न्यासकर्ता स्वतः विश्वस्त किंवा लाभार्थीही असू शकतो.

विश्वस्ताने न्याससंपत्तीची काळजी सर्वसाधारण सुज्ञ माणूस स्वतःच्या संपत्तीची घेतो तशी घ्यावी, हिशेब ठेवावा आणि स्वतःचा फायदा करून घेऊ नये, असे कायदा सांगतो. न्यासपत्रात तरतूद नसेल तर विश्वस्तास सामान्यतः मेहनताना मिळत नाही. एकाहून अधिक विश्वस्त असल्यास, न्यासपत्रात वेगळे म्हटलेले नसेल तर, सर्वांनी मिळूनच निर्णय घ्यावे लागतात.

सार्वजनिक न्यासाहून भिन्नता

मंदिरे, शिक्षणसंस्था, रुग्णालये इत्यादींचे न्यास सार्वजनिक स्वरूपाचे असतात. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे होते. खासगी न्यासाचे लाभार्थी मात्र निश्चित करता येण्याजोग्या व्यक्ती, बहुधा कुटुंबीय, असतात आणि त्यास धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी लागत नाही. त्यामुळे खासगी न्यासावर कोणत्याही कार्यालयाची नियमित देखरेख नसते. विश्वस्ताने कर्तव्यात कसूर केल्यास लाभार्थ्यास दिवाणी न्यायालयात दाद मागावी लागते.

मृत्युपत्र व मुखत्यारपत्र यांच्याशी तुलना

मृत्युपत्र केवळ मृत्यूनंतर अमलात येते. मुखत्यारपत्र हयातीत उपयोगी पडते. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार मूळ व्यक्तीचे मानसिक संतुलन ढळल्यास मुखत्याराचा अधिकार सर्वसाधारणपणे संपुष्टात येतो. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा बेशुद्धावस्थेत असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत, म्हणजे नेमक्या निकडीच्या वेळी, ही दोन्ही साधने निरुपयोगी ठरतात. अशा प्रसंगी पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबीयांना न्यायालयात जावे लागते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये आगाऊ निर्देश व नामनिर्देशित प्रतिनिधी यांची तरतूद आहे. मात्र ती उपचारांपुरती असून संपत्तीला लागू होत नाही.

हयातीत स्थापन केलेला न्यास ही उणीव भरून काढतो. संपत्तीची मालकी आधीच विश्वस्तांकडे गेलेली असल्याने न्यासकर्त्याची निर्णयक्षमता गेली तरी भाडे, व्याज, औषधोपचार व शुश्रूषेचा खर्च यांचे व्यवहार थांबत नाहीत. न्यासकर्ता एकटाच विश्वस्त असल्यास मात्र उत्तराधिकारी विश्वस्ताचे नाव न्यासपत्रात असणे गरजेचे ठरते. न्यासकर्ता अक्षम झाला हे कोणी व कशाच्या आधारे ठरवायचे, उदाहरणार्थ दोन डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरून, हेही लिहून ठेवणे हिताचे असते.

दिव्यांग अपत्याचा सांभाळ

मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. या कायद्याने स्थापन झालेला ‘राष्ट्रीय न्यास’ ही केंद्र शासनाची वैधानिक संस्था आहे. तो कुटुंबाच्या खासगी न्यासाला पर्याय नव्हे.

पालक व्यक्तीची काळजी घेतो, तर विश्वस्त तिच्यासाठी ठेवलेला पैसा सांभाळतो. ही दोन कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे दिल्यास एकमेकांवर लक्ष राहते. सांभाळण्याच्या तोंडी आश्वासनावर दिव्यांग भावंडाचा वाटा दुसऱ्या अपत्याच्या नावे केल्यास तो कायद्याने त्याचाच होतो आणि त्याचा मृत्यू, घटस्फोट किंवा कर्जबाजारीपणा यांची झळ दिव्यांग भावंडाला बसू शकते. न्यासात तोच वाटा स्वतंत्र राहतो. अपत्याची दिनचर्या, औषधे, आवडीनिवडी व भीती यांचे टिपण न्यासपत्रासोबत ठेवण्याचा उपयोग होतो.

वृद्धापकाळ

हयातीत घर मुलांच्या नावे करून दिल्यानंतर निराधार झालेल्या ज्येष्ठांसाठी आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये तरतूद आहे. सांभाळाच्या अटीवर केलेले हस्तांतरण, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. हा उपाय अन्याय झाल्यानंतरचा आहे. न्यासात मात्र घरात आजन्म राहण्याचा आणि उत्पन्नातून खर्च मिळण्याचा हक्क आरंभीच राखून ठेवता येतो.

निर्मिती, खर्च व कर

स्थावर मालमत्तेचा न्यास लेखी, स्वाक्षरी केलेल्या व नोंदणीकृत लेखाने किंवा मृत्युपत्राने करावा लागतो. जंगम मालमत्तेचा न्यास ती विश्वस्ताच्या ताब्यात देऊनही होतो. महाराष्ट्रात हयातीत स्थावर मालमत्ता खासगी न्यासाकडे देताना बाजारमूल्यावर मुद्रांक शुल्क लागते. पती, पत्नी, मुलगा, मुलगी इत्यादींना बक्षीसपत्राने राहते घर दिल्यास मिळणारी २०० रुपयांच्या शुल्काची सवलत बक्षीसपत्रापुरती आहे. मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागत नाही. म्हणून काही कुटुंबे ठेवी व गुंतवणूक हयातीत न्यासात ठेवतात आणि घर मृत्युपत्राद्वारे न्यासाकडे जाईल अशी व्यवस्था करतात.

न्यास रद्द करण्याचा अधिकार न्यासकर्त्याने राखून ठेवल्यास उत्पन्नावरील आयकर त्याच्याच हिशेबी धरला जातो. लाभार्थ्यांचे हिस्से निश्चित नसून वाटपाचा निर्णय विश्वस्तांवर सोपवलेला असल्यास, काही अपवाद वगळता, कमाल दराने कर लागतो. भारतातील मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला असल्याने तो वाचवणे हे आज न्यासाचे प्रयोजन नाही.

मर्यादा

न्यासकर्त्याला केवळ आपल्या हक्काची संपत्ती न्यासात ठेवता येते. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात, वारसांची संमती नसल्यास, मृत्युपत्राने संपत्तीच्या एक तृतीयांशापर्यंतच व्यवस्था करता येते. गोव्यात अपत्ये किंवा आईवडील हयात असल्यास निम्मी संपत्ती सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण त्यांच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. खासगी न्यास अनंत काळ चालू ठेवता येत नाही.

न्यासपत्र झाले, परंतु ठेवी, समभाग किंवा घर प्रत्यक्षात विश्वस्तांच्या नावे झालेच नाही, तर न्यास कागदावरच राहतो. लाभार्थी विश्वस्तांपेक्षा अधिक काळ जगण्याची शक्यता असल्यास पुढील विश्वस्तांच्या नेमणुकीची पद्धतही ठरवून ठेवावी लागते. तशी तरतूद नसल्यास न्यायालय विश्वस्त नेमू शकते. परंतु त्यासाठी अर्ज करणारे कोणीतरी मागे असावे लागते.